परत

फारो बेटांच्या पार टोकाला आमचं बेट.
माणसं एकोणतीस. मेंढ्या कुणी मोजत नाही.
बोट दिवसातून दोनदा, तीही समुद्राला विचारून.
आणि फोनवर एक गट, ‘बोट व हवामान’,
त्यात होग्नी रोज पहाटे लिहितो
दोन ओळी, विरामचिन्हांशिवाय:

लाटा अडीच मीटर
सव्वासातला निघतो

त्या शुक्रवारी संध्याकाळी
बोट धक्क्यापर्यंत आली
आणि परत फिरली.
खिडकीतून मी तिचे दिवे लहान होताना पाहिले.
आत माझी बाइन्ता होती,
तीन आठवड्यांनी वसतिगृहातून घरी येणारी,
आणि ओव्हनमध्ये तिच्यासाठी मटण.

पावणेबाराला मी लिहिलं:
होग्नीनं परत बाटली उघडली वाटतं
शेवटी एक हसरा चेहरा टाकला,
कुणी काही म्हणालंच तर
गंमत होती, असं म्हणता यावं म्हणून.

जीभ उचलून टाळ्याला लावायची
तरी थोडे कष्ट पडतात.
अंगठ्याला तेवढेही नाहीत.

चौघांनी हसरे चेहरे चिकटवले,
मार्युननं एक अंगठा.
(त्या अंगठ्यानं मला किती बरं वाटलं,
तेही इथे लिहून ठेवते.)

मग बाइन्ताचा फोन. कुजबुजत बोलत होती.
आई, धक्क्यावरून पाणी जात होतं.
तीनदा प्रयत्न केला त्यानं.
तिसऱ्यांदा विचारलं, उडी कोण मारू शकेल?
कुणीच बोललं नाही. मग म्हणाला, बरं.
मी त्याच्याच घरी आहे. सूप दिलं त्यांनी.
तो खाली स्वयंपाकघरात फोन बघत बसलाय.
केव्हाचा.

अकरा वर्षांत होग्नीनं थेंब घेतलेला नाही.
हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणीच बोलत नाही.
आमच्याकडे आदर असाच दाखवतात, गप्प राहून.
तो मी एका शब्दानं मोडला.
‘बाटली’नं नव्हे.
‘परत’नं.

संदेश काढून टाकला.
तर तिथे उरलं: हा संदेश काढून टाकला आहे,
आणि वर माझं नाव,
तसबीर उतरवल्यावर भिंतीत राहिलेल्या
खिळ्यासारखं.

मग त्याला एकट्यालाच माफी लिहायला घेतली.
पाठवणार, तेवढ्यात वाटलं,
थुंकायचं चव्हाट्यावर
आणि क्षमा मागायची कानात?

गटातच लिहू लागले.
मला वाईट वाटतं, पण मी काळजीत होते.
‘पण’ खोडला. त्याच्यामागचं सगळंच गेलं.
कुणाचं मन दुखावलं असेल तर.
‘असेल तर’ खोडलं.
कुणाचं? नाव लिही, सुन्नवा.
सोप्या भाषेत लिहायला दीड तास लागला.

मी लिहिलं ते खोटं होतं.
होग्नीनं बोट परत नेली म्हणून माझी मुलगी सुखरूप आहे.
होग्नी, मला क्षमा कर.

हसरा चेहरा नाही, रडका नाही,
जोडलेले हातही नाहीत.

कुणी काही बोललं नाही.
वाचल्याच्या खुणा तेवढ्या वाढत गेल्या,
अकरा, चौदा, एकोणीस.
रात्री दोनला बेटावर
इतकी माणसं जागी असतात, मला माहीत नव्हतं.

पहाटे सहाला:

लाटा दीड मीटर
सव्वासातला निघतो

आणि बऱ्याच वेळानं, एक ओळ जास्तीची:

मुलीचे मोजे ओले आहेत कोरडे आण

मी धक्क्यावर मोजे घेऊन उभी राहिले.
शब्द परत घेता येत नाही.
बोट मात्र परत आली.
होग्नीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
दोरी फेकली,
धक्क्यावर जो कुणी असेल त्याच्याकडे फेकतात तशीच.
धक्क्यावर मी होते.
मोजे दातांत धरले, आणि झेलली.